लॉर्कनच्या शेडची काळी भिंत

डिस्टिलरीची सहल मी सुचवली. ती का सुचवली, हे मात्र कुणाला सांगितलं नाही. आयर्लंडमधल्या आमच्या गावच्या निवृत्तांच्या मंडळाला मार्चमध्ये कुठेतरी जायचंच होतं. काहींना समुद्र हवा होता, काहींना नॉकचं देवस्थान. मी म्हटलं, तासाभरावर एक जुनी व्हिस्कीची डिस्टिलरी आहे, तिथली पाणचक्की अजून फिरते आणि जेवण चांगलं मिळतं. जेवणाचं नाव काढल्यावर चर्चा संपली.

खरं कारण होता लॉर्कन टूही. माझी थोरली बहीण ब्रीदा ईस्टरनंतर त्याच्याशी लग्न करणार होती. त्याआधी ती स्वतःचं घर विकून तिठ्यापलीकडच्या त्याच्या शेतघरात राहायला जाणार होती. विक्रीचे कागद वकिलाकडे तयार होते आणि सही सोमवारी करायची होती. सहल गुरुवारी निघाली.

ब्रीदाचा पहिला नवरा ओवेन दारूने गेला. त्यानंतर तिच्या घरात बाटली आली नाही. नाताळचं पुडिंगसुद्धा ती ब्रँडीऐवजी चहात भिजवून करते. लॉर्कनबद्दल तिने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्याच्या नावाच्या आधी सांगितलं ते हे, की त्याच्या कोटावर शपथेचा बिल्ला आहे. आमच्याकडे दारूला कधीच शिवणार नाही अशी शपथ घेतलेली माणसं तो बिल्ला लावतात. पूर्वी असे पुष्कळ दिसायचे. आता बाजारातल्या भाकड गाईला विचारावं तितकंच लोक त्यांना विचारतात.

आणि याच लॉर्कनच्या शेडची भिंत काळी होती.

मी ती जानेवारीत पाहिली. त्याने आम्हा दोघींना जेवायला बोलावलं होतं. डुकराचं उकडलेलं मांस, कोबी, बटाटे, सगळं नीट शिजवलेलं. जेवणानंतर बटाट्यांची सालं कोंबड्यांना टाकायला मी मागे गेले. तिथे दगडी शेड होती. दाराला नवं कोरं कुलूप. उत्तरेकडच्या भिंतीवर झरोक्याभोवती काळा थर होता, आणि शेजारच्या काटेरी होलीच्या झुडपाची पानंही काळी पडली होती.

"हे कशाने?" मी विचारलं.

"पीटचा धूर," लॉर्कन म्हणाला. मी विचारायचीच तो वाट बघत होता, असं मला वाटलं.

पीट म्हणजे इथे चुलीत जाळतात ती दलदलीची वाळवलेली माती. पण लॉर्कनचं धुराडं घराच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि त्या माळावर वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. शिवाय काजळी बोटाला तेलकट लागते. ही लागत नव्हती. मखमलीवरून उलटा हात फिरवल्यासारखी खरखर. मी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेतून निवृत्त झाले. पर्समध्ये जखमेवर लावायची पट्टी असतेच. ती भिंतीवर दाबली, घडी घातली आणि घरी आणली. माझ्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली जाड भिंतींच्या, काळपट पेशी दिसल्या, मण्यांसारख्या एकीला एक लागून.

ती बुरशी होती, मद्यार्काच्या वाफेवर वाढणारी. नाताळात कुणी एखादी बाटली उघडली म्हणून ती येत नाही. जवळपास काहीतरी वर्षानुवर्षं मद्यार्क सोडत असावं लागतं.

ब्रीदाला मी काही बोलले नाही. एका पट्टीवरून माणसाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. बेकरीच्या भिंतीवरही अशी बुरशी कधीकधी सापडते. मला खऱ्या गोदामाची भिंत बघायची होती, आणि त्या भिंतीशेजारी उभा असलेला लॉर्कन.

बसमध्ये चढताना त्याने सगळ्यांना हात दिला. "ईटा, तू पुढे बस. मागे तुला मळमळतं," तो मला म्हणाला.

मी हे त्याला एकदाच सांगितलं होतं. लपवाछपवी करणारी माणसं अशा गोष्टी लक्षात ठेवतात. ओवेनलाही सगळ्यांचे वाढदिवस पाठ होते. लॉर्कन मला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणतो. मी त्याला अजून 'तुम्ही' म्हणते.

"तुम्ही तिथे आधी गेलाय का?" मी मागे वळून विचारलं.

"रस्त्याने गेलोय."

"ट्रक घेऊन?"

"ट्रक घेऊनच. मी चालत कधी गेलोय?" तो हसला. ब्रीदाही हसली. लॉर्कन आयुष्यभर गुरांचं खाद्य वाहून नेत होता, असं आम्हाला माहीत होतं.

मागच्या सीटवर कुणीतरी बिस्किटांचा पुडा फोडला. "ईस्टरच्या उपवासात बिस्किटं सोडली होतीस ना गं?" असा आवाज आला. "चॉकलेटची सोडलीत. ही साधी आहेत," असं उत्तर आलं. बस हसत होती. डिस्टिलरीची पाटी दिसायच्या आधीच लॉर्कन पुढे वाकला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "पुढच्या फाटकातून बस जाणार नाही रे. कमान अरुंद आहे. नदीच्या बाजूने मागून घाल."

नुसतं रस्त्याने जाणाऱ्याला मागचं फाटक माहीत नसतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

आत क्लोदा नावाची मुलगी आमची वाट बघत होती. हिरवं जाकीट, मोठा आवाज. भिजवलेल्या सातूचा वास सकाळच्या लापशीसारखा सगळीकडे पसरला होता. तो ब्रीदाला चालला. तांब्याच्या भट्ट्याही चालल्या. उंच, गोल, माना बाकदार केलेल्या, त्यांच्यासमोर सगळ्यांनी फोटो काढले. लॉर्कन फोटोत आला नाही. टोपी भुवयांपर्यंत ओढून तो खांबामागे उभा होता. कामगार कोणी जवळून गेला की तो भिंतीवरच्या सूचना वाचायला लागायचा. आगीच्या वेळी काय करावं ही सूचना त्याने तीनदा तरी वाचली असेल.

गोदामाच्या दारातून थंड वारा आला आणि त्याबरोबर मुरलेल्या व्हिस्कीचा वास. ब्रीदा थांबली.

"मी नाही येत आत," ती म्हणाली.

"काय झालं?"

"ओवेनचा कोट आहे हा. दारामागे टांगलेला असायचा तो." तिने नाकाला रुमाल लावला. "तुम्ही बघून या. मी चक्कीपाशी बसते."

"मी येतो तुझ्याबरोबर," लॉर्कन घाईने म्हणाला.

"अरे, तिकिटाचे पैसे दिलेत ना आपण! जा बघ. मी काही पाण्यात पडत नाही."

ती गेली. लॉर्कनचा चेहरा दंतवैद्याकडे एकट्याने पाठवलेल्या माणसासारखा झाला.

गोदामात पिंपांच्या रांगा छतापर्यंत होत्या. दरवर्षी प्रत्येक पिंपातली थोडी व्हिस्की लाकडातून उडून जाते, आणि तिला इथे देवदूतांचा वाटा म्हणतात, असं क्लोदाने सांगितलं. "देवदूतांना निवृत्तिवेतन नसतं वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. आम्ही दुसऱ्या दाराने अंगणात आलो, आणि समोर भिंत होती.

पागोळीपासून पायथ्यापर्यंत काळी, मखमली. भिंतीलगतचं भोजपत्राचं झाड काळं, त्यापलीकडची पाटीही काळी. मी जवळ गेले आणि हात फिरवला. सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती. तीच खरखर.

"हे काळं कशाने गं?" मी क्लोदाला विचारलं. आवाज थोडा मोठाच केला.

"सगळे विचारतात! बुरशी आहे ती. उडून गेलेली व्हिस्की खाते. पूर्वी अबकारीवाले छपरं बघत फिरायचे म्हणे. काळं छप्पर दिसलं की चोरीची भट्टी सापडली."

सगळे भिंतीकडे बघत होते. लॉर्कन माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. तो हिशेब करत होता, की हिला किती माहीत आहे.

पिंपं दुरुस्त करायची जागा अंगणापलीकडे होती. चामड्याचा एप्रन बांधलेला, पांढऱ्या मिशांचा एक माणूस लोखंडी कडं ठोकून बसवत होता. क्लोदाने त्याची ओळख नेड म्हणून करून दिली. त्याने हातोडा खाली ठेवला, आमच्या घोळक्यावरून नजर फिरवली आणि थांबला.

"टूही! टोपी नाकावर ओढलीस म्हणजे ओळखणार नाही होय रे?"

"कसा आहेस, नेड," लॉर्कन म्हणाला.

"मी मजेत. मॅनस कसा आहे? रविवारी तुझ्या फाटकाशी दिसला. मी हात केला, तर गड्याने बघितलं पण नाही. अजून पिंपं कापतोय?"

"बरा आहे."

"हाताला काय कसब होतं त्याच्या! वाया घालवलं बघ. मागच्या कोपऱ्यात रिकामी पिंपं ठेवलीत तुझ्यासाठी. ट्रक कधी आणतोस?"

मॅनस म्हणजे लॉर्कनचा धाकटा भाऊ. तो इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला असतो, असं लॉर्कनने आम्हाला सांगितलं होतं. नाताळात त्याचं कार्ड आलं होतं. ब्रीदाने ते शेकोटीवरच्या फळीवर उभं करून ठेवलं होतं.

घोळका पुढे गेला. मी रिकाम्या पिंपांच्या ढिगापाशी थांबले. लॉर्कनही थांबला. पळून जाण्यात अर्थ नाही, हे त्याला कळलं होतं.

"मॅनस कॉव्हेंट्रीत नाही," मी म्हटलं.

"नाही."

"शेडमध्ये आहे."

त्याने टोपी काढली. "इथेच कामाला होता तो. पिऊन आला म्हणून दोनदा समज दिली, तिसऱ्यांदा घरी पाठवलं. आई गेल्यावर माझ्याशिवाय कोण होतं त्याला? पिंपं बनवण्याशिवाय काही येत नाही. म्हणून मी इथली जुनी पिंपं नेतो, तो ती अर्धी कापून फुलांच्या कुंड्या करतो. चांगल्या करतो."

"कुंड्यांनी भिंत काळी होत नाही."

"नाही," तो म्हणाला. मग एका पिंपावर हात ठेवला. "हे रिकामं दिसतं ना? लाकूड व्हिस्की पिऊन बसलेलं असतं. आत उकळतं पाणी ओतायचं, बूच मारायचं, चुलीजवळ आडवं ठेवायचं, रोज थोडं फिरवायचं. हळूहळू लाकूड प्यालेलं परत देतं. इथले सगळे जुने लोक करायचे. पिंप कापायच्या आधी मॅनस प्रत्येकातून ते काढून घेतो."

"आणि पिंपं तुम्ही आणून देता."

"मी त्याला पैसे देत नाही. दुकानात नेत नाही. स्वतः थेंब घेत नाही. पण पिंप आणलं नाही, तर तो अंधारात हमरस्त्याने पबपर्यंत चालत जातो. एकदा गाडीने उडवला त्याला. इथे निदान कुठे आहे ते मला माहीत असतं."

"जानेवारीत आम्ही जेवायला आलो होतो. तेव्हा तो कुठे होता?"

तो पिंपाच्या कड्यावरून अंगठा फिरवत राहिला.

"दाराला बाहेरून कुलूप होतं," मी म्हटलं.

"दोनच तास. त्याला विचारून लावलं. त्याचं ताट मी आधीच दिलं होतं."

मी तेव्हा शेडपासून दोन हातांवर उभी राहून कोंबड्यांना सालं टाकत होते. आत एक माणूस श्वास धरून बसला होता.

"ब्रीदाला सांगणार होतो मी," लॉर्कन म्हणाला. "ईस्टरनंतर."

"म्हणजे तिचं घर विकल्यावर."

"तसा विचार नव्हता, ईटा."

"मग कसा होता?"

त्याने टोपी उलटी केली, सुलटी केली. "आधी सांगितलं असतं तर ती आली नसती," तो म्हणाला. हे खरं होतं. त्या दिवशी त्याच्याकडून ऐकलेलं हे पहिलं निखळ खरं वाक्य होतं, आणि त्यामुळे माझा संशय कमी झाला नाही. लॉर्कन लबाड असता तर मला सोपं गेलं असतं.

ब्रीदा पाणचक्कीपाशी बाकावर बसली होती. मी तिला सगळं क्रमाने सांगितलं. भिंत, पट्टी, बुरशी, नेड, मॅनस, कुलूप. पाणी पात्यांवरून ओघळत होतं.

"तू त्याच्या भिंतीवर पट्टी चिकटवलीस?" ती शेवटी म्हणाली.

"हो."

"जानेवारीत. आणि मला आज सांगतेस."

"खात्री नव्हती."

"खात्री! लहानपणी माझ्या दुधात माशी पडली होती, तेव्हा पण तू ती आधी बशीत काढून तपासत बसलीस. मी तोवर अर्धं दूध प्यायले होते." ती उठली. "आणि मला सांगायला ही जागा निवडलीस. तमाशा बघायला अख्खं मंडळ घेऊन आलीस."

"तो इथे कसा वागतो ते बघायचं होतं."

"मी कशी वागते ते बघायचं नव्हतं ना? मग इथेच थांब."

मी थांबले नाही, अर्थात. चव घेण्याच्या खोलीत सगळे लांब टेबलाभोवती बसले होते. प्रत्येकापुढे तीन छोटे पेले. लॉर्कनपुढे सफरचंदाचा रस. ब्रीदा त्या वासातून सरळ चालत गेली. या वेळी रुमाल लावला नाही.

"मॅनस कॉव्हेंट्रीत आहे का रे?"

क्लोदाच्या हातातली बाटली तशीच राहिली.

"नाही," लॉर्कन म्हणाला.

"ते कार्ड?"

"मीच लिहिलं."

"अक्षर बरं काढलं होतंस," ब्रीदा म्हणाली आणि त्याच्याशेजारी बसली. तिला राग आला की ती बसते. ओवेनच्या वेळीही बसायची.

परतीच्या वाटेवर ती दोघं माझ्या मागच्या सीटवर होती. ती हळू बोलत होती. मी ऐकत होते, आणि मी ऐकते आहे हे तिला ठाऊक होतं.

"मी घर विकत नाही," ती म्हणाली. "तुला यायचं तर तू माझ्याकडे ये."

"आणि मॅनस?"

"तो येणार नाही."

"मग हिवाळा काढणार नाही तो, ब्रीदा."

"नसेलही. मी काय करू सांग? ओवेन होता तोवर रोज दार उघडलं की मी पुढे वाकून त्याच्या तोंडाचा वास घ्यायचे. पाहुण्यांसमोर, पाद्र्यासमोर. न्हाणीघरातल्या टाकीत हात घालून बाटल्या शोधायचे. बायको कधी झालेच नाही मी, पोलीस झाले. परत नाही व्हायचं मला."

"तुला काही करावं लागणार नाही. सगळं मी बघतो."

"तू काय बघतोस ते दिसलंच की. कुलूप लावून बघतोस."

तिठा आला. लॉर्कन उतरायला उठला तेव्हा ब्रीदा म्हणाली, "रविवारी जेवायला ये. एकटा. मग काय ठरवलंस ते सांग."

सोमवारच्या सहीबद्दल तिने वकिलाला त्याच संध्याकाळी फोन केला आणि नाही म्हणून कळवलं. माझ्याशी ती शनिवारपर्यंत बोलली नाही. शनिवारी तिने निरोप ठेवला की कोंबडी मोठी आहे, ये.

रविवारी तिने टेबल मांडलं. तीन ताटं. मी बटाटे ठेचत होते. खिडकीतून फाटक दिसतं. लॉर्कनचा ट्रक वळून आला तेव्हा काचेमागे दोन डोकी दिसली.

"दोघं आहेत," मी म्हटलं.

ब्रीदा खिडकीशी आली. तिने बघितलं, एप्रन सोडला, खुर्चीवर टाकला आणि बाहेर गेली. जाता जाता चौथं ताट काढ, असं ती म्हणाली नाही. काढू नको, असंही म्हणाली नाही.

मॅनस भावापेक्षा बारीक होता. केस पाणी लावून बसवलेले, गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा, मांडीवर एक कुंडी. पिंपाची कुंडी, पितळी कड्यांची, आत पिवळी प्रिमरोजची फुलं. लॉर्कन उतरून ट्रकच्या पुढे उभा राहिला. मॅनसने खिडकीची काच खाली केली, काहीतरी म्हणाला, आणि ब्रीदा त्याच्याकडे वाकली.

मी ते वाकणं ओळखलं. हनुवटी थोडी वर, डोळे दुसरीकडे, ओठ मिटलेले. ती क्षणभर तशी राहिली आणि एकदम सरळ झाली, तापलेल्या तव्याला हात लागावा तशी. मॅनसने खाली बघितलं. त्यालाही ते कळलं होतं. अशी माणसं त्याने आयुष्यभर पाहिली असणार.

ब्रीदा लॉर्कनशी बोलली. फार नाही. त्याने मान हलवली. मग तिने मॅनसच्या हातातून कुंडी घेतली, त्याला काहीतरी म्हणाली, आणि ट्रकच्या दारावर दोनदा थाप मारली. लॉर्कन वर चढला. ट्रक मागे मागे जात रस्त्याला लागला.

ती आत आली, कुंडी सिंकशेजारी ठेवली आणि हात धुतले.

"प्यायला होता ना?" मी विचारलं.

"नाही. साबणाचा वास येत होता त्याला. नुसता साबण."

"मग का पाठवलंस?"

तिने सुरी घेतली आणि कोंबडीचा पहिला काप काढला. काप वेडावाकडा आला.

"मी वाकले ना, ईटा," ती म्हणाली.